बेट निवडावे कसे? कुरटे बेट, कॅरिबियन आणि आपण

पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या दोन्ही तालुक्यांना समुद्र नाही. आपल्या जाम नदीचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला, आणि मग कुठे ते बंगालच्या उपसागरात पोहोचते. संत्र्याच्या आणि कापसाच्या या मुलखात समुद्राची गोष्ट निघते ती लग्नानंतर गोव्याला जाणाऱ्या जोडप्यांमुळे, नाहीतर शाळेच्या पुस्तकातल्या आरमाराच्या धड्यामुळे.

पण यंदा आमच्या चार घरांत वेगळाच विषय निघाला. मुलांना समुद्राच्या तळाशी जायचे आहे, म्हणजे स्कूबा डायव्हिंग करायचे आहे. आणि त्यांच्या तोंडी नावे कॅरिबियन बेटांची. बेट कोणते निवडायचे यावर आमच्यात बरेच दिवस चर्चा झाली. चर्चा करता करता लक्षात आले की बेट निवडण्याचा प्रश्न मराठी माणसापुढे पहिल्यांदा आलेला नाही. म्हणून हा लेख.

आधी कॅरिबियनचे पाहू. १४९२ मध्ये कोलंबस हिंदुस्थान शोधत निघाला आणि त्या बेटांवर जाऊन पोहोचला. त्याच्या समजुतीमुळे त्यांना वेस्ट इंडीज हे नाव चिकटले. पुढे १८४५ मध्ये फातेल रझाक नावाचे जहाज कलकत्त्याहून आपल्या देशातले मजूर घेऊन त्रिनिदादला लागले. उसाच्या मळ्यांत राबायला गेलेली ती माणसे बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातली होती. आपल्या वडीलधाऱ्यांना मात्र ही बेटे माहीत झाली ती १९७१ मध्ये. अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला त्यांच्याच भूमीवर हरवले, सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या आणि दिलीप सरदेसाईंनी मालिकेत ६४२. पोर्ट ऑफ स्पेन, किंग्स्टन, ब्रिजटाउन ही नावे तेव्हापासून मराठी घरांत रुळली. त्यामुळे मुलांची मागणी अगदीच परकी म्हणता येत नाही.

पाण्याखाली मोकळेपणाने फिरण्याची विद्या मात्र नवी आहे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतली हवा पाणबुड्याला हवी तेवढीच देणारे यंत्र बनवले. त्याआधी पाणबुड्याला बहुतेक वेळा हवा वरून नळीने पुरवावी लागे. कॅरिबियनमधल्या काही बेटांनी या नव्या विद्येचे महत्त्व लवकर ओळखले. बोनेर हे त्यातले नमुन्याचे बेट. तिथे १९७१ मध्ये भाल्याने मासे मारण्यास बंदी झाली, १९७९ मध्ये बेटाभोवतीचा समुद्र सागरी उद्यान म्हणून राखीव झाला, आणि पाण्यात उतरणाऱ्यांकडून घेतलेल्या शुल्कातून त्याची राखण होऊ लागली. किनाऱ्यावर पिवळे दगड ठेवलेले असतात. दगड दिसला की तिथून पाण्यात उतरायचे. बोनेर, कुरासाव आणि अरुबा ही बेटे वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहेत. बाकी बहुतेक बेटांना १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम असतो. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात सापडते. त्यात विमान युरोप किंवा अमेरिकेत बदलणे, व्हिसा आणि माणशी होणारा खर्च. चार घरांच्या पगाराची बेरीज केली तेव्हा मोठ्यांची तोंडे गप्प झाली आणि मुलांची पडली.

तेव्हा आम्ही साडेतीनशे वर्षांहून जुन्या एका निवडीकडे वळलो.

शिवाजी महाराजांना जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि किनाऱ्यावरचे इतर टोपीकर यांना तोंड द्यायचे तर समुद्रात आपले स्वतःचे ठाणे हवे होते. मालवणसमोरचे कुरटे बेट त्यांनी निवडले. ही निवड वरवर पाहून केलेली नव्हती. चहूकडे खारे पाणी, पण बेटावर गोड पाणी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिथल्या विहिरी आजही प्रसिद्ध आहेत. भोवती पाण्यात दडलेले खडक, त्यातून वाट काढायची तर माहीतगार तांडेलच हवा. आणि समोर मालवणला दर्यावर्दी लोकांची वस्ती. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांकडे होती, आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. सुमारे ४८ एकरांचे ते बेट आणि त्याभोवती तीन किलोमीटरच्या आसपास तट. पायात शिसे ओतले होते असे सांगतात. या कामाआधी मालवणच्या किनाऱ्यावर ज्या खडकापाशी गणेशपूजन झाले, तो मोरयाचा धोंडा आजही तिथे आहे. आपल्या उत्सवाच्या स्मरणिकेत याची नोंद असायलाच हवी.

गंमत अशी की ज्या बुडत्या खडकांनी शत्रूची गलबते दूर ठेवली, त्याच खडकांवर प्रवाळ वाढले आहे. आज लोक मालवणला पाण्यात उतरतात ते हे पाहायला. १९८७ मध्ये इथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पण अभयारण्य जाहीर झाले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने तिथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि ज्याचे पोट जाळ्यावर आहे त्याचे म्हणणे आपण हसण्यावारी नेऊ नये. दुसरीकडे पर्यटकांच्या बोटींचे नांगर प्रवाळावर पडले तर कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, झाड फार जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी ताकीद आहे. समुद्र वापरायचा पण लोकांना नागवायचे नाही, हा धडा त्यात आहे. तो पर्यटकांनाही लागू पडतो.

कोणी म्हणेल, कोकणचा इतिहास कोकणचा. आपला काय संबंध? आपला मुलूख देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा. पण हे भोसलेही समुद्रापर्यंत पोहोचले होते. १७५१ च्या तहाने अलिवर्दी खानाने ओडिशाचा मुलूख रघुजी भोसल्यांना सोडला आणि कटक, बालेश्वरचा किनारा नागपूरच्या अमलाखाली आला. १८०३ च्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघुजींना तो इंग्रजांना द्यावा लागला. म्हणजे बावन्न वर्षे आपल्या राज्याला किनारा होता. १८५३ मध्ये राज्यच खालसा झाले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपण मध्य प्रदेशात राहिलो, २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. आपली मुले हा इतिहास शाळेत शिकत नाहीत. तो त्यांना घरातून आणि अशा उत्सवांतूनच मिळणार.

म्हणून आम्ही मालवण ठरवले. नागपूरहून मुंबईमार्गे कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर. पावसाळ्यात पाण्यात उतरणे बंद असते. मोसम साधारण ऑक्टोबर ते मे, त्यातही थंडीत पाणी जास्त स्वच्छ. ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. पहिल्या अनुभवासाठी पोहता येणे आवश्यक नसते, प्रशिक्षक सोबत असतो. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये. दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो आणि वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. पाण्यातून आल्यावर लगेच विमानात बसू नये, निदान १८ तास जाऊ द्यावेत. आंबोलीसारखा उंच घाट चढायचा असेल तरी घाई करू नये. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये. बोटवाला नांगर कुठे टाकतो हे विचारायला लाजू नये.

बोनेर राहिले आहे, राहू दे. मुले कमावती झाली की त्यांनी जरूर जावे, आणि एका छोट्या बेटाने आपला समुद्र कसा सांभाळला ते पाहून यावे. पण त्याआधी त्यांनी आपले कुरटे बेट वरून आणि पाण्याखालून असे दोन्हीकडून पाहिलेले असावे. पाण्यात उतरण्यापूर्वी मोरयाच्या धोंड्याला नमस्कार करायचे मात्र आम्ही सर्वांनी एकमताने ठरवले आहे. गणपती बाप्पा मोरया!