बचावफळीतला पहिला पास: भारतीय हॉकीचा उशिरा गिरवलेला धडा

१/ मार्च १९७५. क्वालालंपूर येथे पाकिस्तानला २-१ असे नमवून भारत हॉकीचा विश्वविजेता ठरला. अवघ्या सोळा महिन्यांनी, माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, तोच भारत सातव्या स्थानी फेकला गेला. १९२८ नंतर प्रथमच संघ ऑलिंपिकहून पदकाविना परतला.

२/ माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली. नैसर्गिक गवतावर चेंडू उसळतो, अडखळतो. तेथे फुलबॅकचे मुख्य काम म्हणजे चेंडू अडवणे आणि जोरकस फटक्याने दूर धाडणे. उरलेली किमया आघाडीवीरांची.

३/ कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ आणि वेगाने धावतो. नुसता दूर धाडलेला चेंडू प्रतिपक्षाला मिळतो आणि काही क्षणांत परत अंगावर येतो. म्हणून चढाईचा आरंभच फुलबॅककडे आला. बर्फावरील हॉकीतही बचावपटूच्या पहिल्या पासला हेच महत्त्व आहे.

४/ या पासचा सराव कसा असतो? चेंडू पोहोचण्यापूर्वी मान वर करून सहकारी हेरायचा, शरीर अर्धे वळवून चेंडू घ्यायचा आणि पुशने थेट त्याच्या स्टिकवर द्यायचा. पुशसाठी स्टिक मागे उगारावी लागत नाही. तेवढा वेळ वाचतो. दोन्ही फुलबॅकनी चेंडू या बाजूकडून त्या बाजूला फिरवला की प्रतिपक्षाची आघाडी सरकते व मध्ये फट पडते. ती क्षणभरच टिकते.

५/ मात्र सारा दोष मैदानाचा नव्हता. त्याच माँट्रियलमध्ये न्यूझीलंडने सुवर्ण, तर पाकिस्तानने कांस्य जिंकले. १९८० मध्ये मॉस्कोच्या कृत्रिम मैदानावर भारतानेही स्पेनला ४-३ असे हरवून सुवर्ण मिळवले. मुंबईकडून खेळणारे एम. एम. सोमय्या आणि मर्विन फर्नांडिस त्या संघात होते. अर्थात, बहिष्कारामुळे अनेक बलाढ्य संघ तेथे नव्हते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे धुळीस मिळवले.

६/ प्रश्न सरावाचा होता. देशात कृत्रिम मैदाने मोजकी. मुले शिकत ती मातीवर. पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, धनराज पिल्ले मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळले. उसळता चेंडू काबूत ठेवणारे मनगट अशा मातीत घडते. सपाट मैदानावरील वेगवान, अचूक पासची सवय तेथे लागत नाही.

७/ मॉस्कोनंतरचे पुढचे ऑलिंपिक पदक भारताला थेट २०२१ मध्ये, टोकियोत मिळाले. मधल्या ४१ वर्षांचा हिशेब बहुधा हुकलेल्या गोलांनी मांडला जातो. तो बचावफळीपासून मांडला, तर मुलांना कोणते मैदान मिळाले आणि कोणत्या वयात, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.