काळी यादी : एका शब्दाचा व एका व्यवहाराचा इतिहास

‘काळी यादी’ हा मराठीतील शब्दप्रयोग ‘ब्लॅकलिस्ट’ या इंग्रजी शब्दाचे भाषांतर होय. काळे कृत्य, तोंड काळे करणे इत्यादी प्रयोगांतून काळ्या रंगाशी निगडित असलेली कलंकाची कल्पना मराठीस पूर्वपरिचित असल्यामुळे हे भाषांतर सहज रुळले. परंतु ज्या व्यवहारास हे नाव मिळाले, तो व्यवहार आपल्याकडील ‘वाळीत टाकणे’ या रूढीहून मूलतः भिन्न आहे. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून शब्दाचा अर्थ पुरता उकलत नाही.

शब्दाच्या उत्पत्तीविषयी एक आख्यायिका प्रचलित आहे. इ. स. १६४९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स यास देहदंड झाला. त्या आज्ञापत्रावर ५९ जणांच्या सह्या होत्या. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर त्याने पित्याच्या मारेकऱ्यांची जी यादी केली, तीच पहिली काळी यादी, असे सांगितले जाते. तथापि फिलिप मॅसिंजर या नाटककाराच्या १६३९ मध्ये छापलेल्या नाटकात हा शब्द आढळतो. म्हणजे राजाने यादी करण्यापूर्वी निदान एकवीस वर्षे शब्द वापरात होता, आणि उत्पत्तिकथा म्हणून ही आख्यायिका टिकत नाही. शिवाय राजाची यादी हे उघड राजकृत्य होते. शब्दास पुढे जो अर्थ चिकटला, तो गुप्ततेचा आहे.

हा अर्थ एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक कलहांतून घडला. संपात पुढाकार घेणाऱ्या कामगारास एका मालकाने काढून टाकले, तर तो दुसऱ्या गावी दुसऱ्या मालकाकडे जाऊ शके. ही वाट बंद करण्यासाठी मालकांनी परस्परांना नावे कळविण्यास प्रारंभ केला. अमेरिकेत १८९४ च्या पुलमन संपानंतर अनेक रेल्वे कामगारांना याचा अनुभव आला, आणि १८९८ च्या अर्डमन कायद्याने आंतरराज्य रेल्वेपुरता असा व्यवहार गुन्हा ठरविला. पहिल्या महायुद्धात राज्यसंस्थेनेही हे साधन हाती घेतले. जुलै १९१६ मध्ये ब्रिटिश सरकारने शत्रूशी संबंध असल्याच्या कारणावरून ८० हून अधिक अमेरिकन पेढ्यांशी व्यापार करण्यास आपल्या प्रजाजनांना मनाई केली. अमेरिकेने याचा तीव्र निषेध केला, परंतु स्वतः युद्धात उतरल्यावर १९१७ मध्ये तिनेही तशीच यादी प्रसिद्ध केली.

या व्यवहाराचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र हॉलिवूडचे होय. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या अन-अमेरिकन कारवायाविषयक समितीपुढे दहा लेखक-दिग्दर्शकांनी कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यत्वाविषयी उत्तर देण्यास नकार दिला. २४ नोव्हेंबर रोजी सभागृहाने त्यांना अवमानाबद्दल दोषी धरण्याचा ठराव केला. दुसऱ्याच दिवशी चित्रपटनिर्मात्यांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातील बैठकीनंतर या दहा जणांना कामावर न ठेवण्याचे निवेदन काढले. निरपराध माणसे दुखावण्याचा व भीतीचे वातावरण निर्माण होण्याचा धोका त्या निवेदनातच मान्य केलेला होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. धोका ठाऊक असूनही पाऊल टाकले गेले.

दहाही जणांना पुढे कारावास भोगावा लागला, परंतु शिक्षेस निदान मुदत होती. यादीस ती नव्हती. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनेल्स’ या पुस्तिकेत नभोवाणी व दूरचित्रवाणी क्षेत्रातील १५१ नावे छापली गेली. ती काढणाऱ्या संस्थेची स्थापना संघीय अन्वेषण विभागातून बाहेर पडलेल्या तिघांनी केली होती. पुस्तिकेस कायद्याचे कोणतेही अधिष्ठान नव्हते, तरी जाहिरातदारांच्या धास्तीने तिला कायद्याचे बळ आले. यादीतून सुटण्याचा मार्गही यादी वाढविणाराच होता. दहांपैकी दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिक यांनी १९५१ मध्ये समितीपुढे पुन्हा साक्ष देऊन इतरांची नावे सांगितली, तेव्हा त्यांना पुन्हा काम मिळाले.

डाल्टन ट्रम्बो यांची हकीकत या व्यवस्थेची विसंगती उघड करते. त्यांनी लिहिलेल्या ‘रोमन हॉलिडे’च्या कथेचे ऑस्कर १९५४ मध्ये इयान मॅक्लेलन हंटर यांच्या नावे दिले गेले. १९५७ मध्ये ‘द ब्रेव्ह वन’चे पारितोषिक ‘रॉबर्ट रिच’ यास जाहीर झाले, आणि अशा नावाचा कोणी लेखकच नव्हता. बाजारास लेखन हवे होते, लेखक नको होता. १९६० मध्ये ‘एक्झोडस’ व ‘स्पार्टाकस’ या चित्रपटांवर ट्रम्बो यांचे नाव झळकले आणि यादीचा धाक ओसरू लागला. १९६२ मध्ये नभोवाणी-कलावंत जॉन हेन्री फॉक यांनी काळ्या यादीच्या पुरस्कर्त्यांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा जिंकला. ‘रोमन हॉलिडे’चे पारितोषिक ट्रम्बो यांच्या नावे दिले गेले ते १९९३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी.

हा व्यवहार त्या काळाबरोबर संपला, असे मानणे चूक ठरेल. २००९ मध्ये ब्रिटनमधील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने घातलेल्या छाप्यात ३,२१३ बांधकाम कामगारांची गुप्त नोंदणी सापडली. चाळीसहून अधिक कंपन्या तिचा उपयोग करीत. कामावरील सुरक्षिततेविषयी तक्रार केल्याच्या नोंदीही तीत होत्या. आपल्याला काम का मिळत नाही, हे त्यांतील अनेकांना तोवर कळलेले नव्हते.

येथेच ‘वाळीत टाकणे’ याच्याशी असलेला भेद स्पष्ट होतो. जातपंचायतीचा बहिष्कार क्रूर होता, आणि महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा ठरविला हे योग्यच झाले. परंतु तो उघडपणे पुकारला जाई. वाळीत पडलेल्यास आपला आरोप व आपले न्यायाधीश ठाऊक असत. काळ्या यादीत आरोप अलिखित, न्यायाधीश अनाम आणि शिक्षा बेमुदत असते. किंबहुना प्रत्यक्ष यादी असण्याचीही आवश्यकता नसते. ती आहे अशी सर्वांची समजूत असली म्हणजे पुरे.

भारतीय न्यायविचाराने नेमके याच मर्मावर बोट ठेवले. एरूशियन इक्विपमेंट विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्याच्या १९७४ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे प्रतिपादन केले की, सरकारने एखाद्यास काळ्या यादीत घातल्याने सरकारशी व्यवहार करण्याच्या संधीस तो मुकतो, म्हणून त्यास आपली बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. कुल्जा इंडस्ट्रीज खटल्यात २०१३ मध्ये अशी बंदी कायमची असू नये, हेही स्पष्ट झाले. नोटीस, सुनावणी व मुदत या तीन अटी घातल्या की यादी ही दंडाची एक रीत होऊन राहते आणि तिच्यावर दाद मागता येते. मात्र सरकारी कंत्राटांसाठी सिद्ध झालेले हे तत्त्व खासगी मालकांच्या आपसांतील संकेतास आपोआप लागू होत नाही. शब्दाचा जुना अर्थ तेथे अद्याप जिवंत आहे.