सामाईक पानाचा मागोवा

सातवीतली चार मुलं आपापल्या घरून एकाच गुगल डॉकवर प्रकल्प लिहितात. प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा, समासात बाईंचा शेरा. या पानामागे दोन परंपरा आहेत, एक शाळेची आणि दुसरी कचेरीची. आज वर्गात दिसते ती मुख्यतः दुसरी. पहिली मात्र जुनी आहे आणि अधिक शहाणीही.

सेलेस्तँ फ्रेने हे दक्षिण फ्रान्समधल्या बार-सूर-लू या डोंगरगावातले शिक्षक. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे तासन्‌तास मोठ्यानं बोलणं जमत नसे. १९२४ मध्ये त्यांनी वर्गात लहानसं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतःचे अनुभव लिहीत, त्यातला कोणता छापायचा ते मतानं ठरे. मग तो मजकूर फळ्यावर सगळ्यांनी मिळून सुधारायचा आणि शिशाचे खिळे जुळवून छापायचा. १९२६ पासून ही पानं ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगँक इथल्या शाळेत जाऊ लागली आणि तिकडची इकडे येऊ लागली. डोंगरातल्या मुलांना समुद्राकाठचा वाचक मिळाला. आपलं लिहिणं कुणीतरी खरोखर वाचणार आहे म्हटल्यावर ते नीट करण्याची निकड आपोआप आली. आपल्याकडच्या शाळांच्या हस्तलिखित अंकांमागेही हीच ओढ होती.

ही परंपरा संगणकावर आणली कॅनडात मार्लीन स्कार्डामालिया आणि कार्ल बरायटर या शिक्षण-संशोधकांनी. १९८०च्या दशकात त्यांनी ‘सी-साइल’ ही प्रणाली घडवली आणि टोरांटोच्या प्राथमिक वर्गांत वापरात आणली. एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर वर्गाचा एक सामाईक साठा असे. पाचवी-सहावीतली मुलं त्यात टिपणं ठेवत. टिपण कोणत्या जातीचं हेही सांगायचं असे: माझा अंदाज, मला हे समजून घ्यायचंय, नवी माहिती. एकाचा अंदाज दुसरी वाचे, त्यावर शंका घेई, तिसरा माहिती जोडे. पान सर्वांचं होतंच, त्याआधी प्रश्न सर्वांचा झालेला असे.

दुसऱ्या, म्हणजे कचेरीच्या परंपरेची सुरुवात ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत दिसते. संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी भरसभेत सुमारे ४८ किलोमीटरवरच्या सहकाऱ्यासह एकाच पडद्यावर काम करून दाखवलं. पण एकाच मजकुरात दोघांनी एकाच वेळी बदल केले तर? ‘पाणी आटले’ या वाक्याच्या सुरुवातीला एकीनं ‘विहिरीचे’ घातलं आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं शेवटी पूर्णविराम दिला, असं समजा. जुन्या मोजणीनं पूर्णविराम वाक्याच्या मधोमध पडेल. म्हणून आधीचा बदल जमेस धरून त्याची जागा नव्यानं मोजावी लागते. ही रीत एलिस आणि गिब्ज या संगणक-संशोधकांनी १९८९ मध्ये मांडली. पुढे २००५ मध्ये ‘रायटली’ हे ब्राउझरमध्ये मिळून लिहिण्याचं साधन आलं आणि २००६ मध्ये ते गुगलनं विकत घेतलं. २००८ मध्ये ‘इथरपॅड’नं प्रत्येक लेखकाला स्वतःचा रंग दिला. २०१४ मध्ये गुगल क्लासरूम आलं, आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळा नाइलाजानं पडद्यावर गेल्या.

कचेरीला अहवाल वेळेत हवा असतो. कोणी काय बदललं, काम कधी संपलं, हे ही साधनं चोख सांगतात. वर्गात मात्र त्यामुळे वाटणी होते: प्रस्तावना तुझी, चित्रं माझी, निष्कर्ष तिचा. शेवटी चार तुकडे एकाखाली एक चिकटवले जातात. एकमेकांचं वाचावं, खोडावं, त्यावर वाद घालावा, असं निमित्तच मुलांना मिळत नाही.

ते निमित्त शिक्षकच देऊ शकतात. पान उघडण्याआधी टोरांटोच्या मुलांसारखे तीन मथळे लिहून द्यावेत. ‘नवी माहिती’ लिहिणाऱ्यानं दुसऱ्या कुणाच्या अंदाजाला उत्तर द्यावं, एवढाच नियम. आणि वाचक परगावचा असावा. कोकणातल्या नि माणदेशातल्या शाळांनी एकाच पानावर पावसाच्या नोंदी ठेवल्या, तर तिकडे इतका आणि इकडे एवढाच का, हा प्रश्न मुलंच विचारतील. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर नको, दोन शिक्षकांची ओळख पुरेल.