मोडकी जीप घेताना : आधी चॅसिस, मग गिअरबॉक्स

मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील नांदगाव तालुक्यात सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याचे खडकाळ रस्ते आहेत, तसे गिरणा धरणाकडे उतरत जाणारे कोरडवाहू शिवारही आहे. अशा भागात जीप हे चैनीचे नव्हे, कामाचे वाहन होय. नवे वाहन परवडत नाही तेव्हा अपघातात सापडलेली किंवा वर्षानुवर्षे गोठ्यामागे उभी असलेली जुनी जीप स्वस्तात घेऊन ती उभी करण्याचा विचार पुढे येतो. अलीकडे शहरातील हौशी मंडळीही अशाच जीपच्या शोधात खेडोपाडी येतात. व्यवहार फसतो तो बहुधा एकाच कारणाने : खरेदीदार पत्रा पाहतो, पण चॅसिस आणि कागद पाहत नाही.

नाशिक जिल्ह्याचे नाते

या वाहनाचे सुटे भाग मिळणे तुलनेने सोपे असण्यामागे इतिहास आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपच्या व्यवसायात पाऊल टाकले. पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या तंत्रज्ञानावरील डिझेल इंजिने इगतपुरीत तयार होऊ लागली, तर नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो आणि स्कॉर्पिओ बाहेर पडल्या. त्यामुळे या गाड्यांची नस ओळखणारे मेस्त्री जिल्ह्यात आजही भेटतात.

चॅसिस वाकली तर सारेच वाकले

जुन्या जीपची बॉडी स्वतंत्र लोखंडी चॅसिसवर बसवलेली असते. म्हणून चेपलेला मडगार्ड, फुटलेली काच किंवा सडलेली फरशी ही दुरुस्त होणारी हानी होय. मारुती ८००सारख्या मोटारीत वेगळी चॅसिस नसते. तेथे बॉडीचा सांगाडा वाकला की संपूर्ण गाडीच वाकते. जीपमध्ये चॅसिस सरळ आहे की नाही, हे टेपने ताडता येते. पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंतचे तिरपे अंतर मोजावे, मग उलट बाजूचे. दोन्ही मापांत ठळक फरक आढळला, अथवा चॅसिसवर नव्या रंगाखाली वेल्डिंगचे सांधे दिसले, तर किंमत कितीही कमी असली तरी मागे फिरावे.

पुरात बुडालेली गाडी वरून नीटनेटकी दिसते, म्हणून अधिक फसवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. अशा गाडीच्या डिफरन्शियलमध्ये हवा जाण्याच्या छिद्रातून पाणी शिरू शकते. तेथील ऑइल दुधाळ दिसले, तर आतील बेअरिंगे गंजली असण्याचा संभव मोठा.

जुना गिअरबॉक्स कसा पारखावा

इंजिनाची शक्ती क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल या मार्गाने चाकांपर्यंत पोचते. फोर-व्हील जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते. यांतील जुना भाग घेताना पहिली कसोटी ऑइलची. ते काढून हातावर घ्यावे. बारीक पितळी चकाकी सिंक्रोनायझर रिंगांची झीज सांगते. लोखंडाचे तुकडे मात्र दाते तुटल्याची खूण. त्यानंतर शाफ्ट हाताने फिरवत प्रत्येक गिअर टाकून पाहावा, शाफ्टचे आटे झिजले आहेत का ते तपासावे आणि हाउसिंगला तडा अथवा वेल्डिंग नसल्याची खात्री करावी.

दुसरी कसोटी जुळणीची. 'कंपनी एकच, म्हणजे बसेल' हे गृहीतक महागात पडते. सीजे-३बी जीपला तीन गिअरांचा टी-९० गिअरबॉक्स असे, तर एमएम-५४० ला चार गिअरांचा केएमटी-९०. जुना भाग काढून सोबत न्यावा आणि आट्यांची संख्या, शाफ्टची लांबी व बोल्टांची छिद्रे समोरासमोर ताडून मगच पैसे द्यावेत.

डिफरन्शियलचे गुणोत्तर ही तिसरी कसोटी. सीजे-३बीच्या क्राउन व्हीलला ४३ आणि पिनियनला ८ दाते असत. म्हणजे गुणोत्तर सुमारे ५.३८. फोर-व्हील जीपच्या पुढील आणि मागील डिफरन्शियलची गुणोत्तरे वेगळी पडली, तर चारही चाकांना शक्ती देताच यंत्रणेवर ताण येऊन ट्रान्स्फर केस खराब होते. गाडीवरच मोजणी करायची असल्यास सपाट जागी बाकीच्या चाकांना उटी लावावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक सोडावा आणि मागील एकच चाक जॅकवर उचलून खाली भक्कम टेकू द्यावा. ते चाक बरोबर दोन फेरे फिरवले असता प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे होतात, तेच गुणोत्तर. क्राउन व्हील आणि पिनियन नेहमी जोडीनेच घ्यावेत, कारण त्यांचे दाते एकमेकांवर बसलेले असतात. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र जुने घेऊ नयेत. तेथील बचत जिवावर बेतू शकते.

स्वस्त भागाचे मूळ

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र अशा बाजारांत चोरीच्या गाड्यांचे भागही मिसळले जातात. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीची वाहने सुटी करून विकली जात असल्याने पोलिसांनी २०२१ मध्ये तो बंद पाडला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. म्हणून इंजिन घेताना त्याचा क्रमांक, मूळ गाडीचा तपशील आणि विक्रेत्याची पावती घ्यावी. इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. तो बदलल्यास परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. कार्यालय कोणते, हे क्रमांकावरून समजते : नाशिकचा एमएच १५, मालेगावचा एमएच ४१.

कागद हीच खरी किंमत

दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की विमा कंपन्या गाडी 'टोटल लॉस' धरतात आणि तिचा सांगाडा विकला जातो. काही टोळ्या असा सांगाडा केवळ त्याच्या चॅसिस क्रमांकासाठी घेतात आणि तो क्रमांक चोरीच्या गाडीवर कोरतात. म्हणून चॅसिसवरील क्रमांक घासून स्वच्छ करून वाचावा आणि 'वाहन' संकेतस्थळावरील नोंदीशी ताडावा. कर्जाचा बोजा, थकीत कर आणि दंड तेथेच पाहावेत.

सही केलेल्या टीटी फॉर्मवर जीप तीन-चार हातांतून फिरते आणि नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहते, हा ग्रामीण भागातला सर्रास अनुभव. अशा गाडीचा अपघात झाला तर भरपाईचा बोजा नोंदणी ज्याच्या नावावर त्याच्यावर येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले. खरेदीदारानेही हस्तांतर ३० दिवसांच्या आत करून घ्यावे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ आणि २०२५ मध्ये वाढले आहे, त्यामुळे हिशेब मांडताना तेही धरावे.

गिअरबॉक्स आज ना उद्या मिळतो, इंजिनही बदलता येते. सरळ चॅसिस आणि स्वच्छ कागद मात्र कोणत्याही जुन्या बाजारात विकत मिळत नाहीत. ते दोन्ही असतील, तरच मोडक्या जीपसाठी खिशात हात घालावा.