समुत्थानव्यय : जखमीचा व गिऱ्हाइकाचा जुना हक्क

धर्मशास्त्राच्या पोथ्या जमविणारांचें लक्ष आचार व प्रायश्चित्त या भागांकडे जितकें जातें तितकें व्यवहाराकडे जात नाहीं. व्रतें, श्राद्धें व शांति यांचीं प्रकरणें हौसेनें वाचलीं जातात; मालांतील भेसळ, गाडीखालीं सांपडलेला मनुष्य, असल्या विषयांचीं पानें तशींच राहतात. प्रस्तुत लेखांत आम्हांस एकाच प्रश्नाचा विचार कर्तव्य आहे. दुसऱ्याच्या दोषानें ज्याच्या देहास किंवा पैशास इजा झाली, त्याच्या स्वतःच्या हातीं जुन्या न्यायानें काय पडत असे? दंडाविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. परंतु दंड राजाचा. जखमीचें काय?

याचें उत्तर ‘समुत्थानव्यय’ या एका शब्दांत आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व याज्ञवल्क्यस्मृतीच्या दंडपारुष्य प्रकरणांत तो येतो. कौटिल्यासही तो ठाऊक आहे. समुत्थान म्हणजे पुन्हा उठून उभें राहणें. विज्ञानेश्वर मिताक्षरेंत त्याचा अर्थ व्रण भरून येणें असा करितो, आणि त्यासाठीं औषधास व पथ्यास जो खर्च लागेल तो मारणारानें द्यावा असें सांगतो. याज्ञवल्क्याच्या मतें दंड याखेरीज भरावयाचा. म्हणजे एका कृत्यांतून दोन देणीं उत्पन्न होतात, एक राजाचें व दुसरें जखमीचें. पहिलें भरल्यानें दुसरें फिटत नाहीं.

हें मारामारीविषयीं झालें. निष्काळजीपणानें झालेल्या इजेचा विचार मनूनें गाडीच्या प्रसंगानें केला आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, कासरा तुटला, अथवा गाडीवानानें ‘बाजूस व्हा’ म्हणून आधींच ओरडून सांगितलें, अशा एकंदर १० प्रसंगीं तो दंड सांगत नाहीं. परंतु गाडीवान अडाणी असल्यामुळें गाडी भलतीकडे गेली व इजा झाली, तर २०० पणांचा दंड मालकास. गाडीवान कुशल असून चुकला, तर दंड त्याचा त्यास. अडाण्याच्या हातीं कासरा देणें हाच मालकाचा अपराध, हें तत्त्व येथें स्पष्ट आहे. उसाच्या हंगामांत कोल्हापूरच्या रस्त्यांवरील गाड्यांची रांग ज्यांनीं पाहिली आहे त्यांस त्याचें मर्म निराळें सांगावयास नको.

मात्र या विचारांत एक पोकळी राहिली आहे. चाक आपोआप मोडलें तर दोष कोणाचाच नाहीं. पण त्याखालीं सांपडलेल्याचा पाय मोडलेलाच असतो. त्याचें औषधपाणी कोणीं करावें, हें त्या १० प्रसंगांच्या यादींत सांगितलेलें नाहीं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत १९८२ सालीं कलम ९२-अ घालण्यांत आलें, आणि कोणाचाही दोष सिद्ध न करतां मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याचें ठरलें. तेव्हां ही पोकळी भरण्यास आरंभ झाला.

आतां बाजाराकडे वळूं. औषध, तेलतूप, मीठ, सुगंधी द्रव्यें, धान्य, गूळ इत्यादिकांत हिणकस वस्तु मिसळणारास याज्ञवल्क्य १६ पण दंड सांगतो, कौटिल्य १२. कौटिल्याच्या यादींत गुळाचें नांव दिसत नाहीं. पण तेथें ‘क्षार’ आहे, आणि त्याच ग्रंथांत कोष्ठागाराच्या प्रकरणीं काकवी, गूळ, खांड, साखर यांचा वर्ग क्षार याच नांवानें दिला आहे. भेसळीचें लक्षण तो ‘समवर्ण’ वस्तु घालणें असें करितो, म्हणजे रंगानें डोळ्यांस फसविणें. शाहू छत्रपतींनीं १८९५ मध्यें वसविलेल्या शाहूपुरींत ज्यांनीं गुळाच्या रव्यांचे सौदे पाहिले त्यांस हें लक्षण लगेच पटेल. गुळाचा भाव रंगावर चढतो, आणि रंग उजळण्यासाठीं हायड्रॉस पूड घालण्याचा मोह तेथूनच होतो.

भेसळीचा हा दंडही राजाचाच. गिऱ्हाइकाचा वांटा नारदानें सांगितला. निर्दोष माल दाखवून सदोष देणारानें मोलाच्या दुप्पट द्यावें, व तितकाच दंड राजास भरावा. याज्ञवल्क्य खरेदीनंतर पारखण्याची मुदतही देतो : लोखंडास १ दिवस, दुभत्या जनावरास ३, ओढीच्या जनावरास ५, रत्नांस ७, बियाण्यास १०. बीं रुजून वर आल्यावांचून कळत नाहीं, हें जाणूनच ती मुदत ठेविलेली दिसते. त्याच यादींत दास व दासी यांच्याही मुदती आहेत, आणि दंडपारुष्यांतील दंड वर्णाप्रमाणें कमीजास्त होतो. जुन्या न्यायाची थोरवी गाणारांनीं हीं स्थळें वगळूं नयेत.

हा विचार मराठी अमदानींत कसा दिसतो? सभासद सांगतो कीं अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवछत्रपतींनीं पडलेल्यांच्या निपुत्रिक विधवांस निमे वेतन चालविलें, व जखमींस जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत दिले. ही राजकृपा खरी. तथापि जखमेचें मान पाहून रक्कम ठरविणें हें समुत्थानव्ययाच्या फार जवळ आहे. करवीरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दींतील, रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत तर इजेपूर्वीचाच बंदोबस्त आहे. दारूखाना घराजवळ नसावा, तेथें रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीवांचून मनुष्य जवळ येऊं देऊं नये, असें तेथें बजावलें आहे.

१९८६ च्या आरंभीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत भेसळीच्या ग्लिसरिनानें १४ रुग्ण दगावले व न्यायमूर्ति लेंटिन यांचा आयोग बसला. याज्ञवल्क्याच्या यादींत औषध पहिलें कां, हें त्यावरून कळावें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यांत सदोष मालानें झालेल्या इजेच्या भरपाईचें स्वतंत्र प्रकरण आहे. स्मृतींत नारदाचें दुप्पट मोल व विज्ञानेश्वराचें औषधपथ्य हीं निरनिराळ्या प्रकरणांत राहिलीं. तीं येथें एका ठिकाणीं आलीं.

संग्राहकांस आमची एकच विनंति आहे. आपल्या दप्तरांत निवाडपत्रें, महजर वा गांवकीचे कागद असतील, तर दंडाच्या आंकड्यापाशीं थांबूं नये. जखमीच्या औषधास काय दिलें, गिऱ्हाइकास काय परत मिळालें, ती एखादी ओळ शोधावी व प्रसिद्ध करावी. राज्य कोणासाठीं चालत होतें याचा पुरावा त्या ओळींत सांपडेल.