दारफाळणीचा सण

अम्मान ते जेरुसलेम हे अंतर सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर. मध्ये जॉर्डन नदी आणि तिच्यावरचा पूल. पूल ओलांडून जेरुसलेमला दोन-तीन रात्री राहून परतायचे, असा बेत करणाऱ्याने नकाशाआधी पंचांग उघडावे. ज्यूंच्या तिश्री महिन्यात पहिले दोन दिवस रोश हशाना, दहाव्याला योम किप्पुर, पंधराव्यापासून सुक्कोत. सण आदल्या सूर्यास्तालाच लागतो, त्यामुळे पुलावरची वर्दळही आदल्या दिवशी लवकर आटोपते. योम किप्पुरला सीमा बंद, विमानतळ बंद, बसगाड्याही बंद.

ज्यू पंचांगात आपल्यासारखाच अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. म्हणून तिश्री शरदाच्या आसपासच राहतो. हिजरी पंचांगात अधिक महिना नाही, त्यामुळे ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. ४ ऑक्टोबर २०१४ला योम किप्पुर आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती. प्रवाशाला दोन्ही गणिते जुळवावी लागतात.

या पुलाला नावे तीन: इस्रायलींचा ॲलनबी, जॉर्डनचा किंग हुसेन, पॅलेस्टिनींचा अल-करामा. इंग्रजांनी तो १९१८ मध्ये बांधला. १९४६ मध्ये ज्यू सशस्त्र गटाने उडवला, १९६७च्या युद्धात तो पुन्हा कोसळला. त्याआधीची १९ वर्षे जेरुसलेमच दुभंगलेले होते आणि ये-जा मँडेलबाउम गेटातून होई. नाताळात इस्रायलमधल्या अरब ख्रिस्ती लोकांना तिथून पलीकडे जाऊ देत. पवित्र स्थळी जाण्याची मुभा १९४९च्या शस्त्रसंधीच्या करारात लिहिलेली होती, तरी ज्यूंना मात्र पश्चिम भिंतीपाशी जाता येत नसे. सण दार उघडतोही आणि बंदही करतो. कुणासाठी, हे किल्ली कुणाकडे आहे त्यावर ठरते.

इथे मला कोकणातला एक शब्द आठवतो. कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू त्यांच्यातून जवळजवळ पुसली गेली होती, पण सण टिकले. योम किप्पुरला ते दारफाळणीचा सण म्हणत: दार लावून घ्यायचे, उपास करायचा. दुसरा दिवस शिळा सण. 'प्रायश्चित्ताचा दिवस' हे भाषांतर अचूक आहे, पण त्यात घर दिसत नाही. दारफाळणीत दिसते.

आजच्या मराठी कानाला मात्र 'फाळणी' म्हटले की १९४७ ऐकू येते. पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केला तोही त्याच वर्षी, २९ नोव्हेंबरला. कोकणातल्या त्या कुटुंबांनी लावलेले दार त्यांचे स्वतःचे होते. शेजाऱ्याची वाट त्याने अडत नव्हती. जॉर्डनवरचा पूल बंद होतो तेव्हा पर्यटकाची एक रात्र वाढते, एवढेच. वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी माणसाला मात्र परदेशी जायला मुख्य वाट हीच. दवाखाना, शिक्षण, लग्न, सगळे त्या दिवशी थांबते, आणि तो सण त्याचा नसतो.

म्हणून बेत आखताना तारखांबरोबर एवढेही पाहावे, की आपण ज्या दारापाशी थांबणार आहोत तिथे आपल्याआधीपासून कोण उभे आहे.