आयएनएस निस्तार आणि पाणबुडी बचावाची सुरुवात

आयएनएस निस्तार हे भारतीय नौदलाचे पहिले पाणबुडी बचाव जहाज. त्याची मूळ घडण सोव्हिएत बनावटीच्या टी-58 वर्गातील माइनस्वीपरची, म्हणजे समुद्रात पेरलेले सुरुंग साफ करणाऱ्या जहाजाची होती. भारताने ते 1969 मध्ये मिळवले आणि 29 मार्च 1971 रोजी ते नौदलात रीतसर दाखल झाले.

भारताची पहिली पाणबुडी कलवरी त्याआधीच, 8 डिसेंबर 1967 रोजी रिगा बंदरात नौदलात आली होती. पाठोपाठ खांदेरी, करंज आणि कुरसुरा आल्या. पहिली पाणबुडी आल्यापासून निस्तार दाखल होईपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ गेला. पाणबुड्या आधी आणि त्यांच्या बचावाची सोय नंतर, हा क्रम धोक्याचाच होता.

माइनस्वीपरचे बचाव जहाज करण्याची पद्धत जुनी आहे. सुरुंग साफ करताना जाड तारा मागे ओढत, संथ गतीने, आखलेल्या रेषेवर जहाज चालवावे लागते. त्यामुळे मागच्या डेकवर मोकळी जागा, दणकट विंच आणि अवजड सामान पाण्यात सोडण्याची सोय असते. बचावालाही हेच लागते. अमेरिकी नौदलाचे फाल्कन हे पहिल्या महायुद्धाच्या काळातले माइनस्वीपर असेच बचावकार्याकडे वळवले गेले. 23 मे 1939 रोजी स्क्वॉलस ही पाणबुडी न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्याजवळ सुमारे 74 मीटर खोल पाण्यात बुडाली. तेव्हा फाल्कनवरील बचाव घंटेने, म्हणजे माणसे वर आणणाऱ्या बंद कक्षाने, चार फेऱ्यांत 33 जणांना जिवंत वर आणले. उरलेले 26 जण वाचले नाहीत.

त्या घंटेचे काम समजून घेण्यासारखे आहे. आधी जहाज नांगर टाकून बुडालेल्या पाणबुडीच्या नेमके वर स्थिर केले जाते. डुबकी मारणारा नौसैनिक खाली उतरून पाणबुडीच्या झाकणावरील कडीला तार अडकवतो. ती तार गुंडाळत घंटा स्वतःला खाली खेचत नेते आणि तिची रबरी कड झाकणाभोवती टेकते. खालच्या कप्प्यातले पाणी काढून तिथला दाब कमी केला की बाहेरच्या समुद्राचा दाबच घंटेला घट्ट धरून ठेवतो. मग झाकण उघडते आणि माणसे कोरडी वर येतात. पाणबुडी फार कललेली असेल तर घंटा नीट बसत नाही. शिवाय दर दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढत असल्याने तार अडकवणाऱ्याच्या शरीरावरही मोठा ताण येतो. तो घाईने वर आला तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणूनच या प्रकारच्या जहाजांवर घंटेबरोबर दाबकक्ष आणि आपत्कालीन रुग्णकक्षही असत.

निस्तारचे सर्वांत लक्षात राहिलेले काम मात्र जिवंत माणसे वाचवण्याचे नव्हते. 3 आणि 4 डिसेंबर 1971 च्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली आणि तिच्यावरील 90 हून अधिक नौसैनिक मृत्युमुखी पडले. भारताच्या मते आयएनएस राजपूतने टाकलेल्या स्फोटकांनी ती बुडाली, तर पाकिस्तानच्या मते ती आत झालेल्या स्फोटाने किंवा तिनेच पेरलेल्या सुरुंगाने बुडाली. तळाशी पडलेले अवशेष गाझीचेच आहेत, ही ओळख पटवण्यात निस्तारचा वाटा होता. सुरुंग साफ करण्यासाठी आखलेल्या जहाजाला अशा जागी जावे लागणे, यात युद्धाचे सारे क्रौर्य एकवटले आहे.

अशा जहाजाचा उपयोग समुद्राच्या खोलीवर अवलंबून असतो. मुंबईसमोरचा खंडान्त उतार किनाऱ्यापासून फार दूर आहे आणि तिथपर्यंत तळ उथळ असतो, त्यामुळे घंटेला वाव मिळतो. विशाखापट्टणमसमोर समुद्र तुलनेने लवकर खोल होतो. तिथे पाणबुडी उताराच्या पलीकडे गेली तर घंटा निरुपयोगी ठरते. सतत दाबाखाली राहून काम करण्याची नवी डुबकीची पद्धत आल्यावर निस्तारची साधने मागे पडली.

1989 मध्ये निस्तार निवृत्त झाले. माझगाव डॉकने 1985 मध्ये बांधलेले निरीक्षक हे जहाज 1989 मध्येच नौदलाच्या सेवेत आले आणि डुबकीचे काम त्याच्याकडे गेले. खोल पाण्यातून माणसे आणणारे स्वतंत्र बचाव वाहन भारताला 2018 मध्ये मिळाले, तेही पहिल्यांदा मुंबईत. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये बांधलेले नवे निस्तार 18 जुलै 2025 रोजी दाखल झाले. सुमारे 120 मीटर लांब आणि 10,000 टनांहून जड असलेले हे जहाज 300 मीटरपर्यंत डुबकी लावण्याची सोय देते आणि बचाव वाहनही वाहून नेते. त्याच्या जोडीचे निपुण हे जहाज 22 सप्टेंबर 2022 रोजी, निस्तारबरोबरच, पाण्यात उतरवण्यात आले.